मज्जातंतूंवरची फवारणी

१९३६ चा डिसेंबर महिना मज्जासंस्थेच्या इतिहासात दोनदा नोंदवावा लागतो. १० तारखेला स्टॉकहोममध्ये ऑटो लोवी आणि हेन्री डेल यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक देण्यात आलं. मज्जातंतूचा निरोप पुढे पोचतो तो एका रसायनाच्या रूपाने, हे या दोघांनी दाखवून दिलं होतं. लोवींचा प्रयोग आजही थक्क करतो. बेडकाचं धडधडतं हृदय द्रवात ठेवून त्यांनी त्याचा मज्जातंतू चेतवला, तसे ठोके मंदावले. मग तोच द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. या हृदयाला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. द्रवात जे काही उतरलं होतं ते ॲसिटिलकोलिन.

त्यानंतर बरोबर तेरा दिवसांनी, २३ तारखेला, जर्मनीतल्या लेव्हरकुसेन इथे आय. जी. फार्बेन या अवाढव्य रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड श्राडर यांनी एक नवा द्रव तयार केला. श्राडर तेहतीस वर्षांचे होते. त्यांच्याकडे सोपवलेलं काम साधं होतं: पिकांवरची कीड मारणारं नवं रसायन शोधायचं, म्हणजे परदेशी कीटकनाशकांवर जाणारा पैसा वाचेल. फॉस्फरसची वेगवेगळी संयुगं ते एकामागून एक करून पाहत होते. हा नवा द्रव दहा लाख भागांत पाच भाग इतका विरळ करून पानांवर फवारला, तेव्हा पानांवरचा सगळा मावा मेला.

जानेवारी १९३७ मध्ये या द्रवाचा थेंब टेबलावर सांडला. श्राडर आणि त्यांचे सहायक यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसून टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, दिवे मंद दिसू लागले, श्वास कोंडू लागला. दोघांनाही पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. एका थेंबाची ही करामत. लोवी आणि डेल यांनी ज्या रसायनाचं काम उलगडलं होतं, त्यालाच आवर घालणारी यंत्रणा या थेंबाने बंद पाडली होती. पण त्या दिवशी लेव्हरकुसेनमध्ये हे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

ती यंत्रणा समजून घेतली की पुढचा सगळा इतिहास समजतो. मज्जातंतू ॲसिटिलकोलिन सोडतो, स्नायू आकुंचन पावतो. काम झाल्यावर हा निरोप तत्काळ नाहीसा व्हावा लागतो. फळ्यावरचं पुसल्याशिवाय पुढचं वाक्य लिहिता येत नाही, तसंच हे आहे. पुसण्याचं काम कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलिनचे रेणू फोडतो. श्राडर यांनी केलेलं ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं रसायन नेमकं या एन्झाइमला जाऊन चिकटतं. मग निरोपावर निरोप साचत जातात. तोंडाला फेस येतो, घामाने अंग निथळतं, डोळे आणि नाक वाहू लागतात, उलट्या होतात. स्नायू आधी थरथरतात, मग थकून लुळे पडतात. मेंदूत हेच घडतं तेव्हा माणूस बावचळतो, त्याला झटके येतात, आणि अखेरीस श्वास चालवणारं केंद्रच थांबतं. कापसावरच्या अळीत आणि कापूस वेचणाऱ्या बाईत हे एन्झाइम जवळपास सारखंच असतं. कीटकनाशकाला त्यातला फरक कळण्याचा मार्ग नाही.

जर्मनीत १९३५ पासून नियम होता, की लष्करी उपयोगाचा कुठलाही शोध सरकारला कळवायचा. श्राडर यांचा द्रव बर्लिनला गेला आणि त्याचं नाव टाबुन पडलं. १९३८ मध्ये त्याहून जहाल सारिन आलं. सायलेशियातल्या डिहेर्नफुर्टच्या कारखान्यात युद्धकाळात सुमारे १२,००० टन टाबुन बनलं. ते रणांगणावर वापरलं गेलं नाही. लोवींना मात्र १९३८ मध्ये नाझींनी ग्राझमध्ये तुरुंगात टाकलं, नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळवायला भाग पाडलं आणि देशाबाहेर काढलं. मज्जातंतूंचं गूढ उकलणारा माणूस निर्वासित झाला, आणि ते तंतू तोडणारं रसायन सरकारी गुपित बनलं.

श्राडर मात्र शेतीचं काम विसरले नव्हते. १९४४ मध्ये त्यांनी ई ६०५ हे रसायन तयार केलं, तेच पुढे पॅराथिऑन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. युद्ध संपल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन तज्ज्ञांनी श्राडर यांची कसून चौकशी केली, त्यांची सूत्रं उतरवून घेतली, आणि काही वर्षांतच पॅराथिऑन जगभरच्या शेतांत पोचलं. पॅराथिऑन स्वतः फारसं विषारी नाही. शरीरात शिरल्यावर यकृत त्याचं रूपांतर करतं आणि मग ते जहाल होतं. त्यामुळे अंगावर सांडल्यावर लगेच काही वाटत नाही. माणूस काम करत राहतो, ओला सदरा तसाच अंगावर वाळतो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. फवारणीच्या विषबाधेचा हा उशीर आजही माणसं मारतो.

भारताला या विषाची ओळख १९५८ मध्ये झाली, आणि ती शेतात नव्हे, ताटात झाली. केरळमध्ये त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत माणसं जेवून उठल्यावर कोसळू लागली. उलट्या, घाम, आकसलेल्या बाहुल्या, झटके. शंभराहून अधिक लोक दगावले. शोध घेतल्यावर उलगडा झाला तो असा: जहाजातून अन्नधान्य आणि पॅराथिऑन, म्हणजे तेव्हाचं फॉलिडॉल, शेजारी शेजारी ठेवून आणलं होतं. विष गळलं, गव्हाच्या पिठात मुरलं, आणि ते पीठ दुकानांतून घराघरांत गेलं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्याकडे होतं. हेच शाह पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले, आणि आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणारा १९७७ चा शाह आयोगही त्यांचाच. आणीबाणीच्या आयोगामुळे त्यांचं नाव आजही घेतलं जातं. पिठातल्या विषाची चौकशी करणारे शाह मात्र आपल्या आठवणीत नाहीत, आणि याची मला खंत वाटते. कीटकनाशकं कुणी बनवायची, कशी वाहून न्यायची, कुणाला विकायची यावर देशात काहीच बंधन नाही, हे उघड झालं ते या प्रकरणामुळे. तरीही कायदा व्हायला दहा वर्षं गेली. दरम्यान १९६७ मध्ये कोलंबियातल्या चिकिन्किरा गावात पावाच्या पिठात पॅराथिऑन मिसळलं आणि कितीतरी मुलं सकाळचा पाव खाऊन मेली. भारताचा कीटकनाशक कायदा १९६८ मध्ये झाला, त्याखालचे नियम १९७१ मध्ये. त्या नियमांपैकी एकाकडे मला पुन्हा वळायचं आहे.

तोवर विषबाधेवर उताराही सापडला होता. एक जुना: ॲट्रोपिन, जे आपल्या रानातल्या धोतऱ्यातही असतं. साचलेल्या ॲसिटिलकोलिनचा परिणाम ते हृदयावर आणि फुफ्फुसांवर होऊ देत नाही. दुसरा नवा: १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन यांनी शोधलेलं प्रालिडॉक्सिम, ज्याला आपल्याकडचे डॉक्टर ‘पाम’ म्हणतात. एन्झाइमला चिकटलेलं विष ते सोडवतं, पण ते वेळेत द्यावं लागतं, कारण काही काळाने ही चिकटण पक्की होते आणि मग कुठलंही औषध ती सोडवू शकत नाही. या दोन इंजेक्शनांनी असंख्य जीव वाचवले. पण त्यांच्यामुळे एक समजही रुजला: वाचला तो बरा झाला, सुटी मिळाली की विषय संपला.

हा समज खोटा आहे, याचा पहिला पुरावा खरं तर श्राडर यांच्याही आधीचा होता. १९३० मध्ये, दारूबंदीच्या काळात, अमेरिकेत गरीब माणसं आल्याचा अर्क दारू म्हणून पीत असत. त्यात भेसळ झाली ती ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट या औद्योगिक रसायनाची, आणि तेही ऑरगॅनोफॉस्फेटच. पिणाऱ्यांना त्या दिवशी फारसं काही झालं नाही. एक-दोन आठवड्यांनी मात्र पोटऱ्या दुखू लागल्या, पावलं लोंबू लागली, आणि हजारो माणसं जन्मभर पाय फेकत चालत राहिली. अशी उशिरा होणारी इजा कोलिनेस्टरेजमुळे होत नाही. ब्रिटनमधल्या मार्टिन जॉन्सन यांनी १९६९ मध्ये तिच्यामागचं वेगळं प्रथिन हुडकलं. त्यावर विष बसलं की लांबलचक तंतू टोकाकडून झडत जातात, आणि शरीरातले सगळ्यांत लांब तंतू पायांकडे जातात.

हे माहीत असूनही लेप्टोफॉस बाजारात आलं. टेक्सासमधल्या बेपोर्टच्या कारखान्यात ते बनत होतं आणि परदेशी पाठवलं जात होतं. इजिप्तमध्ये १९७१ मध्ये त्याच्या वापरानंतर हजाराहून अधिक म्हशी पाय लुळे पडून मेल्या. बातमी आली, कारखाना चालूच राहिला. मग कारखान्यातले कामगार अडखळू लागले, त्यांची दृष्टी अधू झाली, बोलणं अडलं. डॉक्टरांनी कुणाला एक आजार सांगितला, कुणाला दुसरा. सहकारी त्यांना चालती-बोलती प्रेतं म्हणत. १९७६ मध्ये कारखान्यातलं उत्पादन बंद झालं. म्हशींपासून माणसांपर्यंतची ती पाच वर्षं मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यांत लाजिरवाणी वाटतात.

आपल्या शेजारी, श्रीलंकेतल्या पेराडेनियात, निमल सेनानायके आणि लक्ष्मण करलिड्डे या डॉक्टरांच्या वेगळंच काही लक्षात आलं. विष प्यालेला किंवा विष चढलेला रुग्ण ॲट्रोपिनने सावरतो, बोलू लागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि एक ते चार दिवसांत त्याला मान उचलता येईनाशी होते. मग श्वासाचे स्नायू थकतात. अशा दहा रुग्णांचं वर्णन त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हापासून ‘मान उचलता येते का?’ हा प्रश्न रोज विचारावा, असं डॉक्टरांना शिकवलं जातं. मोठ्या यंत्रांविना, डोळ्यांनी बघून काढलेला हा निष्कर्ष आहे, आणि त्याने आपल्यासारख्या देशांत किती जीव वाचवले असतील!

त्यानंतर प्रश्न आला मेंदूचा. निकाराग्वात विषबाधेतून वाचलेल्या ३६ पुरुषांना सुमारे दोन वर्षांनंतर शोधून काढण्यात आलं, आणि तेवढ्याच निरोगी पुरुषांशी त्यांची तुलना केली गेली. चाचण्या अगदी साध्या होत्या. आकडे ऐकून परत सांगायचे, चिन्हं जुळवायची, खुंट्या भराभर खाचांत बसवायच्या. विषबाधा झालेले जवळजवळ प्रत्येक चाचणीत मागे पडले. १९९१ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. ब्रिटनमध्ये तर मेंढपाळांवर सरकारनेच सक्ती केली होती: मेंढ्यांच्या अंगावरचे कीटक मारण्यासाठी त्यांना १९७६ ते १९९२ या काळात औषधाच्या हौदातून काढणं बंधनकारक होतं, आणि बहुतेक हौदांत ऑरगॅनोफॉस्फेट असे. पुढे १९९५ मध्ये १४६ मेंढपाळांच्या चाचण्या झाल्या. यांतले बहुतेक कधी दवाखान्यात गेलेले नव्हते, तरी लक्ष एकाग्र करण्यात आणि विचारांच्या वेगात ते तुलनेसाठी घेतलेल्या दगडखाणीतल्या कामगारांपेक्षा कमी पडले. विष थोडंथोडं अंगात गेलं तरी मेंदू त्याचा हिशेब ठेवतो, हे यातून पुढे आलं.

मुलांबाबतचं चित्र त्याहून बोलकं आहे. मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात एलिझाबेथ गिलेट यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना कागद दिला आणि माणूस काढायला सांगितलं. डोंगरातल्या, फवारणी नसलेल्या वस्तीतल्या मुलांनी डोकं, धड, हात, पाय असा माणूस काढला. खोऱ्यातल्या, शेतांच्या कडेला वाढलेल्या मुलांच्या कागदावर तुटक रेषा होत्या. १९९८ च्या या अभ्यासातली मुलं थोडी होती आणि खोऱ्यात कीटकनाशकंही अनेक प्रकारची होती, त्यामुळे एका रसायनावर बोट ठेवता येत नव्हतं. ती उणीव एप्रिल २०११ मध्ये बरीचशी भरून निघाली. न्यूयॉर्कमधले दोन आणि कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातला एक, असे तीन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. आई गरोदर असताना तिच्या शरीरात ऑरगॅनोफॉस्फेट जितकं जास्त, तितकी मुलाची बुद्धिचाचणी खाली, हे तिन्ही अभ्यासांत दिसलं. सॅलिनासमध्ये सर्वाधिक आणि सर्वांत कमी संपर्काच्या मुलांत सातव्या वर्षी सरासरी ७ गुणांचा फरक होता. या माता शेतमजूर कुटुंबांतल्या होत्या. न्यूयॉर्कच्या माता शहरी होत्या आणि त्यांच्या घरात क्लोरपायरिफॉस झुरळांसाठी मारलं जात होतं. आपल्याकडे नव्या इमारतीच्या पायात वाळवीसाठी जे ओततात, तेही बहुधा क्लोरपायरिफॉसच असतं.

आणि मग २०१७ चा पावसाळा, यवतमाळ.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. किडीचा जोर होता, बीटी बियाण्याला गुलाबी बोंडअळी दाद देत नव्हती. कृषी केंद्रात जे मिळेल ते, दुकानदार सांगेल त्या मिश्रणात, पंपात जात होतं. पाठीवरचा पंप, उघडे हात, तोंडाला फार तर रुमाल. उंच झाडांवर मारायला नळी वर धरावी लागे आणि फवारा तोंडावरच परत येई. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात आले, २० हून अधिक दगावले. काहींच्या डोळ्यांपुढे दिवसेंदिवस अंधार राहिला. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर आणि इतरांनी गावोगाव जाऊन लिहिलं, तेव्हा कुठे राज्याला जाग आली. अमरावतीचे विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमलं गेलं, मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपये जाहीर झाले, आणि पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांसाठी थांबवण्यात आली.

ती यादी वाचताना मज्जातंतूंचं सगळं शतक डोळ्यांपुढून जातं. ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही तिन्ही श्राडर यांच्या वंशातली, म्हणजे कोलिनेस्टरेज बांधून ठेवणारी. प्रोफेनोफॉसबरोबर सायपरमेथ्रिन, जे तंतूंतली सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. इमिडाक्लोप्रिड, जे किडीत ॲसिटिलकोलिनच्याच जागी जाऊन बसतं. फिप्रोनिल, जे मेंदूतला लगामच सैल करतं. डायाफेन्थियुरॉन हे एकटंच वेगळं, पेशीची ऊर्जा तोडणारं. प्रत्येक उत्पादनाला परवानगी मिळाली ती आपापल्या लेबलवर. पाठीवरच्या पंपात मात्र दुकानदाराच्या सल्ल्याने ती एकत्र येत होती, आणि तसं मिश्रण चाचणीसाठी कुणी मांडलेलं नव्हतं. यातलं मोनोक्रोटोफॉस तर २०१३ मध्येच बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजनातून २३ मुलांचा जीव घेऊन गेलं होतं. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला २०२३ मध्ये.

आता त्या नियमाकडे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला ३७ वा नियम सांगतो, की कारखान्यात कीटकनाशकं हाताळणाऱ्यांची आणि फवारणीचं काम करणाऱ्यांची कामाआधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, तिची नोंदवही ठेवली जावी, आणि ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट हाताळणाऱ्यांचं रक्तातलं कोलिनेस्टरेज दरमहा मोजलं जावं. केरळच्या मृतांनी मिळवून दिलेला हा नियम आहे. सेहेचाळीस वर्षांनी यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात विषबाधेचे रुग्ण रांगेने येत होते, आणि कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय तिथे नव्हती.

ही चाचणी महागडी नाही आणि दुर्मीळही नाही. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ती फवारणी कामगारांसाठी बंधनकारक आहे. तिथे हंगामाआधी रक्त घेऊन प्रत्येकाची स्वतःची मूळ पातळी नोंदवतात. पातळी त्याच्या ८० टक्क्यांवर आली की कामाच्या जागेची पाहणी होते, लाल पेशींतलं एन्झाइम ७० टक्क्यांवर आलं की त्या माणसाला पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर जाईपर्यंत फवारणीवरून हटवतात. मूळ पातळी माणसागणिक निराळी असते. म्हणून ऑगस्टमध्ये, विष चढल्यावर घेतलेलं रक्त एकट्याने फारसं काही सांगू शकत नाही. ते घ्यावं लागतं मे-जूनमध्ये, पंप पाठीवर चढायच्या आधी, गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, शेतमालकाचंही आणि रोजाने येणाऱ्या मजुराचंही.